दिसायला 'बोटस्वेन', बोलायला 'बोसन': दुर्मिळ इंग्रजी शब्दांचं निवेदकाने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही गिरगावचे, शाळा मराठी माध्यमाची, आवाजाची कामं बऱ्यापैकी केलीत, आणि आता पहिल्यांदाच एक इंग्रजी ऑडिओबुक हाती आलंय. पुस्तक जुनं, शिडाच्या जहाजांच्या काळातली समुद्रकथा. पहिल्याच प्रकरणात 'बोटस्वेन', 'फोरकॅसल', 'गनवेल' अशी रांग लागलीये. फोन एक उच्चार सांगतो, कोश दुसरा, व्हिडिओतला माणूस तिसरा. म्हणून तुम्ही अवघड शब्दांची यादी मागताय, म्हणजे ती पाठ करूनच स्टुडिओत जाता येईल.

यादी देणं सोपं आहे, पण तुमचं काम त्याने होणार नाही. मी अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये इंग्रजी निवेदनाचे उच्चार तपासते, बरीच वर्षं तेच करते आहे. ज्या शब्दाला आपण अडखळतो, तो शब्द सहसा रेकॉर्डिंग बिघडवत नाही. माणूस थांबतो, शोधतो, विचारतो. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा एकोणतीस अक्षरी राक्षस (अर्थ: एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं) कुणी न बघता वाचून टाकत नाही. घात करतात ते शब्द, जे आपण पन्नासदा वाचलेत, अर्थही ठाऊक आहे, पण जे कानावर कधीच पडलेले नाहीत. ते आपण ठामपणे चुकीचे वाचतो.

एक कसलेली निवेदिका 'अराय' हा शब्द 'ऑरी' असा वाचत गेली. अर्थ तिला बरोबर माहीत होता: बिनसलेलं, वाकडं गेलेलं. पण 'राय' म्हणजे वाकडा या शब्दाला पुढे 'अ' लागलाय, हे डोळ्यांना दिसत नाही. 'ऑ' आणि 'री' असे दोन तुकडे दिसतात. ती अडखळली नाही, त्यामुळे काचेपलीकडच्या इंजिनिअरलाही काही खटकलं नाही. फाइल माझ्याकडे आली तोवर तो शब्द पुस्तकभर पसरला होता. पंच-इनसाठी, म्हणजे चुकलेली वाक्यं पुन्हा बोलून मूळ रेकॉर्डिंगमध्ये बसवायला, तिला परत बोलावलं, तर मधल्या काळात पावसाळा लागला होता आणि आवाज किंचित बसका झाला होता. तोच माइक, तेवढंच अंतर, तरीही ती वाक्यं आजूबाजूच्या मजकुरात मिसळली नाहीत. हेडफोन लावून ऐकलं तर आजही कळतं. 'मिसलेड' या साध्या शब्दाचंही असंच होतं. मनातल्या मनात त्याला 'मायझल्ड' वाचत आलेली माणसं खुद्द इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांतही निघतात.

तेव्हा तुमची खरी अडचण शब्द दुर्मिळ असण्याची नाही. कोणते शब्द तुमच्याकडे फक्त डोळ्यांवाटे आलेत, ते ओळखायची आहे.

कानावाटे आलेल्या शब्दांना आपण मुंबईकर फारसे चुकत नाही. हार्बर लाइनवरचं रे रोड स्टेशन घ्या. इंग्रजी पाटीवर आर-ई-ए-वाय अशी अक्षरं आहेत. १८८५ ते १८९० मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं ते नाव, आणि त्याचा उच्चार 'रे' असाच आहे. गोदीतल्या माणसांनी तो ऐकून उचलला, म्हणून मराठी पाटी बरोबर आहे. इंग्रजी पाटी वाचून 'रिये रोड' म्हणणारे नवखे मात्र भेटतात. कुलाब्याचा जुना वुडहाउस रोड तसाच, अक्षरांत 'वोडहाउस' दिसणारा. 'कर्नल'मध्ये कुठेही 'र' लिहिलेला नाही, दोन 'ल' आहेत, तरी आपल्याकडचं शेंबडं पोरही 'कर्नल'च म्हणतं. घरातल्या 'कबर्ड'चं स्पेलिंग 'कप-बोर्ड' आहे, हे आपल्याला शाळेत गेल्यावर कळलं.

या 'कबर्ड'मध्येच तुमच्या समुद्री शब्दांची किल्ली आहे. दोन शब्द जोडून झालेला शब्द रोज, घाईत, ओरडून वापरला की झिजतो. पहिल्या भागावर जोर राहतो, दुसरा भाग जेमतेम उरतो. आपणही 'आला आहे' लिहितो आणि 'आलाय' बोलतो. 'बोट' अधिक 'स्वेन' म्हणजे नोकर, गडी. त्याचा झाला 'बोसन'. लहान होडीचं सुकाणू धरणारा 'कॉक्सन'. जहाजाच्या पुढच्या भागातली खलाशांची राहायची जागा 'फोक्सल'. होडीच्या बाजूची वरची कड 'गनल'. मुख्य शीड 'मेन्सल', त्याच्या वरचं 'टॉप्सल'. 'सेल' हा शब्द सुटा आला की 'सेल', जोडून आला की नुसता 'सल'. एवढं एक लक्षात आलं की पुस्तकातले अर्धेअधिक जोडशब्द तुम्हाला आपले आपण ओळखता येतील, कोश फक्त खात्रीसाठी. वाऱ्याच्या आडोशाची बाजू दाखवणारा शब्द 'लीवर्ड' दिसतो. जमिनीवरची माणसं तसं म्हणतातही, पण जहाजावर तो 'लूअर्ड'. कप्तानाच्या तोंडी 'लीवर्ड' घातलंत तर जाणकार श्रोत्याला लगेच कळेल की हा कप्तान समुद्रावर गेलेला नाही.

दुसरा गट 'विटल्स'सारख्या शब्दांचा. अर्थ शिधा, खाण्यापिण्याचं सामान. अक्षरं वाचाल तर 'व्हिक्च्युअल्स' होतं. या 'क'ची गंमत अशी की तो आधी नव्हताच. फ्रेंचमधून आलेला हा शब्द इंग्रज जसा बोलत तसाच लिहीत. पुढे लॅटिनचं वेड लागलेल्या पंडितांनी मूळ लॅटिन शब्दात 'क' आहे म्हणून तो लिखाणात घुसडला. बोलणाऱ्यांनी त्यांचं ऐकलं नाही. 'डेट'मधला 'बी', 'रिसीट'मधला 'पी', 'इन्डाइट'मधला 'सी' हे सगळे असेच मागाहून आलेले पाहुणे. दलाल स्ट्रीटवर सगळे 'डेट फंड' बरोबर म्हणतात, कारण तो शब्द कानाने आला. 'इन्डाइट' मात्र वर्तमानपत्रात वाचला जातो, म्हणून सुशिक्षित माणूसही 'इन्डिक्ट' म्हणतो.

मूळ कारण इतिहासात आहे. कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला १४७६ साली. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि नेमक्या त्याच शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर जागा बदलत होते. त्यामुळे लिखाण जुन्या उच्चाराचं राहिलं आणि जीभ पुढे गेली. याचं आपल्याला फार नवल वाटायला नको. 'चार' आणि गुरांचा 'चारा' यांतले दोन 'च' वेगळे आहेत, लिहिताना तो फरक दिसत नाही, आणि मराठी शिकणारा परका माणूस तिथेच घसरतो.

आता तुमच्या 'फोन एक सांगतो, कोश दुसरा' या तक्रारीकडे येते. इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, आणि ती परिस्थिती तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही. प्रकाशक ब्रिटिश आहे की अमेरिकन? 'बॉय' म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. तीच अमेरिकेत 'बूई' होते. ब्रिटिश आणि भारतीय सैन्यातला 'लेफ्टनंट' अमेरिकेत 'लूटेनंट'. दोन्ही बरोबर, पण एका पुस्तकात दोन्ही नकोत. माझा कल असा, की कथा ब्रिटिश जहाजावरची असेल तर प्रकाशक कुठलाही असो, पात्रांना ब्रिटिश उच्चार द्यावेत. निवेदन तुमच्या नेहमीच्या इंग्रजीत चालेल. लहेजा आणि उच्चार यांत मी फरक करते. तुमचं इंग्रजी मराठी वळणाचं असणं हा दोष नाही. उगाच साहेबी ढंग आणला तर तो तिसऱ्या प्रकरणापर्यंतही टिकत नाही. शब्द मात्र ओळखू आला पाहिजे.

कोशांच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. कोश दोन-तीन उच्चार देतो तेव्हा पहिला बरोबर आणि बाकीचे चूक असा त्याचा अर्थ नसतो. सुशिक्षित लोक हे सगळे वापरतात, एवढंच तो सांगत असतो. बीबीसीने १९२६ मध्ये उच्चार ठरवायला एक सल्लागार समिती नेमली होती, राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष. निवेदकांनी काय म्हणावं हे ठरवायला खुद्द लंडनला समिती बसवावी लागली, तिथे आपण एकाच 'शुद्ध' उच्चारासाठी जीव टाकायचं कारण नाही. जॉन वेल्स यांच्या १९९०च्या उच्चारकोशात तर वादाच्या शब्दांवर लोकांचे कौल घेऊन छापलेत. दुसरी गोष्ट म्हणजे कोशही माणसंच करतात. १९३४च्या वेबस्टरच्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. असा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी ही खूण वापरतात, अशी एक चिठ्ठी होती. त्यातलं 'डी ऑर डी' कुणीतरी सलग वाचलं. १९३९ मध्ये एका संपादकाला ते दिसलं. म्हणून एका कोशावर थांबू नका. माझी पद्धत म्हणजे एक ब्रिटिश कोश, एक अमेरिकन, आणि दोघांचं पटलं नाही तर खऱ्या माणसांच्या तोंडचे नमुने. फोर्व्हो या संकेतस्थळावर ते मिळतात, यूग्लिश या दुसऱ्या संकेतस्थळावर तर शब्द पूर्ण वाक्यात ऐकायला मिळतो. फोनचा यांत्रिक आवाज मात्र साक्षीला घेऊ नका. जहाजाचा पुढचा भाग 'बाउ' आणि व्हायोलिनचा गज 'बो', दोघांचं स्पेलिंग एकच. सुटा शब्द टाकलात तर तुम्हाला कुठला हवाय हे यंत्राला कळायचं कसं? पाण्याची खोली मोजायचं शिसं 'लेड', पुढे जाणं 'लीड'. भांडण 'राउ', वल्हवणं 'रो'. तुमच्या पुस्तकात हे सगळे येणार.

कोशातल्या खुणांपैकी एकच खूण तुमच्या पोटापाण्याची आहे, ती जोराची. ब्रिटिश कोशांत ती उभी रेघ जोराच्या अक्षराच्या आधी असते. काही अमेरिकन कोशांत नंतर असते. हे ठाऊक नसलं की नेमका शेजारच्या अक्षरावर जोर जातो. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो, म्हणून आपलं इंग्रजी सपाट होतं, आणि सपाट इंग्रजी ऐकणाऱ्याला समजायला जड जातं. स्वर थोडा इकडेतिकडे झाला तर चालतं. जोर चुकला तर शब्दच हरवतो.

तीन शब्द मोठ्याने म्हणून बघा: 'फोटोग्राफ', 'फटॉग्रफी', 'फोटग्रॅफिक'. पहिल्यात जोर सुरुवातीला, दुसऱ्यात 'टॉ'वर, तिसऱ्यात 'ग्रॅ'वर. जोर हलला की मागेपुढचे स्वर मिटून आपल्या 'अ'सारखे होतात. यामागे नियम आहे. शेवटी 'इक', 'इटी' किंवा 'शन' आलं की जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर. 'ग्रफी', 'लॉजी' असलं शेपूट असेल तर शेवटून तिसऱ्यावर. मोजमापाची जुनी उपकरणंही त्याच चालीची: 'बरॉमिटर', 'क्रनॉमिटर', दोन्हींत जोर दुसऱ्या अक्षरावर. तुमच्या कप्तानाच्या केबिनमध्ये ही दोन्ही असणारच. 'कॅथलिक', 'ल्युनॅटिक' असे अपवाद आहेत, पण ते बहुतेक कानावरचे आहेत.

मूळ भाषेचा माग लागला की आणखी बरंच सुटतं. ग्रीक शब्दांत 'सीएच' म्हणजे 'क': 'आर्किपेलगो', 'कॅझम', 'कायमिअरा'. शेवटचा 'ई' बोलला जातो: 'हायपर्बली', 'इपिटमी', 'सिनेक्डकी'. जूनचा पहिला पाऊस पडला की मुंबईतला प्रत्येक जण ज्या शब्दाची पोस्ट टाकतो तो 'पेट्रिकॉर' (पहिल्या पावसाचा मातीचा वास) याच घरातला, 'पेट्रिचोर' नव्हे. दिसतो पुराणातला, पण बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तो १९६४ मध्ये घडवला. तरी मूळ शोधण्यातही धोका आहे. 'टार्मिगन' या पक्ष्याच्या नावातला मूक 'पी' ग्रीक वाटतो, पण नाव स्कॉटिश गेलिक आहे. कुणाला तरी ते ग्रीक वाटलं म्हणून 'पी' चिकटला. फ्रेंच शब्दांत उलटी चूक होते. शेवटचं व्यंजन गिळायचं असतं हे एकदा कळलं की माणूस सगळीच गिळायला लागतो. लढाईतला शेवटचा घाव 'कू द ग्रास'. स्मार्टपणे 'कू द ग्रा' म्हणणारे पुष्कळ, आणि फ्रेंच कानाला तो चरबीचा घाव वाटतो.

डोंगरी-माझगावकडे ओळखीचे वाटतील असे दोन शब्द तुमच्या पुस्तकात येऊ शकतात. खलाशांच्या जाड्याभरड्या कापडाचं नाव 'डंगरी'. मुंबईच्या डोंगरीशीच त्याचा संबंध सांगितला जातो, आणि इंग्रजीत त्याचा जोर शेवटच्या 'री'वर. आणि हिंदी खलाशांचा मुकादम तो 'सरँग', म्हणजे आपला सारंग. कोकणातली कितीतरी घरं या कामावर चालली. निवेदकाने 'सरँग' म्हणावं की 'सारंग'? इंग्रज पात्र बोलत असेल तर 'सरँग', जोर दुसऱ्या अक्षरावर. आपला खलाशी स्वतःबद्दल बोलत असेल तर मी 'सारंग'च म्हणायला लावते. प्रकाशकाने हरकत घेतली तर त्याला कारण सांगता येतं.

अर्थाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, पण निवेदकाला अर्थ उच्चाराइतकाच लागतो, कारण आवाजाचा रंग त्यावर ठरतो. इथेही धोका ओळखीच्या चेहऱ्यांचाच. 'नॉइसम होल्ड' वाचताना माणसं आवाज चढवतात, जणू तळघरात गोंगाट आहे. 'नॉइसम'चा आवाजाशी काही संबंध नाही. ते 'अनॉय'च्या घरातलं आहे आणि अर्थ आहे घाण, दुर्गंधीचं. तिथे आवाज आक्रसला पाहिजे, नाक मुरडल्यासारखा. 'रेस्टिव्ह क्रू' म्हणजे विश्रांती घेणारे खलाशी नव्हेत. अस्वस्थ, बिथरलेले, उद्या बंड करतील असे. 'लिंपिड' पाणी लुळंपांगळं नसतं, नितळ असतं. आणि 'एनर्व्हेटिंग हीट' ऐकून अंगात ऊर्जा येते असं वाटत असेल तर ऑक्टोबरात दुपारी दोनची विरार लोकल आठवा: अंगातलं त्राण काढून घेणारा उकाडा, तोच. हे वाक्य उत्साहात वाचलेलं मी ऐकलंय.

आता कामाची रीत. आधी पूर्ण पुस्तक पेन्सिल घेऊन वाचा, माइकपासून लांब. न कळलेल्या शब्दांवर खूण कराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक पानावर स्वतःला विचारा: हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलाय का? उत्तर 'नाही' असेल तर गोल करा, अर्थ कितीही स्पष्ट असो. गावांची, माणसांची, जहाजांची नावं सगळी गोल. मग वहीत शब्द, पान, अर्थ आणि देवनागरीत उच्चार लिहा. जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. देवनागरी या कामाला उत्तम आहे, फक्त ओठ दाताला लागतो तिथे 'व्ह', ओठ गोल होतात तिथे 'व', आणि 'झेड'साठी 'ज'खाली नुक्ता, एवढं ठरवून घ्या. लिहिलेला उच्चार सुटा म्हणू नका. पुस्तकातलं पूर्ण वाक्य त्यासकट म्हणा, कारण सुटा शब्द जमतो आणि वाक्याच्या वेगात पुन्हा जुना उच्चार तोंडात येतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी ही यादी इंजिनिअरलाही द्या, म्हणजे ऐकणारे कान दोन जोड्या होतील.

लेखकाने स्वतः घडवलेली नावं कुठल्याच कोशात नसतात. ती प्रकाशकाला विचारा. जुन्या पुस्तकाचा लेखक हयात नसणार, तेव्हा प्रकाशकाकडून निर्णय लेखी घ्या आणि पहिल्या प्रकरणात जे म्हणाल तेच शेवटपर्यंत म्हणा. ऐकणारा वेगळा उच्चार माफ करतो, बदलता उच्चार करत नाही.

शेवटी व्यवहाराचं. ऑडिओबुकचे पैसे बहुतेक वेळा तयार झालेल्या रेकॉर्डिंगच्या तासांवर ठरतात. म्हणजे या सगळ्या शोधाशोधीचा वेळ तुमच्या खिशातून जातो. समकालीन कादंबरीत तो थोडा असतो, समुद्रकथेत फार. दर सांगण्याआधी पुस्तकातली दोन प्रकरणं मागून घ्या, गोल किती होतात बघा आणि मगच आकडा बोला. उच्चारांचं तयार पत्रक आहे का, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा. कधी कधी असतं आणि कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही.

पहिल्या प्रकरणाची तुमची यादी झाली की इथेच टाका, नजर टाकते. त्यात दोर-कप्पीच्या अर्थाचा 'टॅकल' असेल तर तो 'टॅकल'च असं धरून चालू नका, आधी शोधा.